बिनमायेचे कापड

शिवणकामात 'माया' असा एक शब्द आहे. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले, बाहेरून न दिसणारे जास्तीचे कापड म्हणजे माया. मूल वाढेल, माणूस अंगाने सुटेल, धुतल्यावर कापड आटेल, या सगळ्याची तजवीज शिंपी त्या अर्ध्या-पाऊण इंचात करून ठेवतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या 16 रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या बोळात 42 वर्षे शिवणकाम केले. दुसऱ्याने शिवलेला कपडा दुरुस्तीला आला की ते तो आधी उलटा करून माया पाहत. माया कमी भरली की "कंजूष मानूस दिसतंय" एवढेच म्हणत आणि कामाला लागत. त्यांच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळत वाढल्यामुळे कपडा हा अंगापेक्षा थोडा मोठाच असायचा, हे मी कधी कोणी न शिकवताच शिकले होते. वयाच्या 43व्या वर्षी डॉक्टरांनी मला पायाच्या शिरांच्या दुखण्यासाठी जे दाब देणारे मोजे घालायला सांगितले, ते मात्र पायापेक्षा मुद्दाम लहान विणलेले होते. त्यांना शिवणच नव्हती, त्यामुळे माया असण्याचा प्रश्नही नव्हता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. उभा महाराष्ट्र ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो, त्यात मुलांनी किती तास बसावे यावर पुष्कळ बोलले गेले आहे. शिकवणारे किती तास उभे असतात, हा विषय मात्र कोणी काढत नाही. सकाळी साडेसहाच्या पहिल्या तासापासून सायंकाळच्या शंकासमाधानापर्यंत फळ्यासमोर उभे राहण्यात माझी वीस वर्षे गेली. 2015 साली दिवाळीच्या सुमारास डाव्या पोटरीवरच्या हिरव्या-निळ्या शिरा दोऱ्याच्या गुंत्यासारख्या वर आलेल्या मला दिसल्या. त्याआधीही काही खुणा होत्याच. सायंकाळी घोट्यावर सूज येई, चपलेचा पट्टा पायावर खोल उमटे आणि रात्री पोटरीत असे गोळे येत की अंथरुणातून उठून भिंतीला धरून उभे राहावे लागे. घरात यावर एकच उत्तर होते, ते म्हणजे वय.

माझ्या मनात मात्र आजीचा पाय होता. अप्पांच्या आईच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडे वर, एक जखम होती. ती उन्हाळ्यात सुके, पावसाळ्यात पुन्हा वाहू लागे, आणि तिच्याभोवतीची कातडी जांभळाचा डाग पडावा तशी काळवंडलेली असे. आजी रोज पहाटे खाटेवरून पाय खाली सोडण्याआधी जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी पावलापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळी. "पाय बांधल्याबिगर भुईला लावायचा न्हाई" हा तिचा नेम होता आणि आम्ही नातवंडे तो सोवळ्या-ओवळ्याचा काही प्रकार समजत होतो. सुश्रुतसंहितेत पट्ट्या बांधण्याचे 14 प्रकार सांगितले आहेत. आजीला त्यांतील एकाचेही नाव ठाऊक नव्हते, पण खालून वर बांधत जायचे आणि अंथरुणातच बांधायचे, या दोन गोष्टी तिला ठाऊक होत्या. पायाच्या शिरांच्या जखमेवर आजही मुख्य उपाय दाबाचाच आहे. मलमे आणि औषधे त्याच्या मागून येतात.

डॉपलर तपासणीच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहण्याच्या, वेळी डॉक्टरांनी मला उभे केले, माझी पोटरी हाताने दाबली आणि सोडली. दाबल्यावर वर गेलेले रक्त तेथेच थांबायला हवे होते. माझे रक्त परत खाली येत होते आणि त्याचा सुस्कारा त्या यंत्रातून ऐकू येत होता. अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक काळ असा उलटा प्रवाह राहिला, तर शिरेतील झडपा नीट मिटत नाहीत असे समजतात. माझा कितीतरी अधिक होता. शिरांना झडपा असतात हे पाडुआ येथील फॅब्रिशियस यांनी 1603 साली सविस्तर मांडले होते, परंतु त्या झडपा रक्ताचा वेग आवरण्यासाठी आहेत अशी त्यांची समजूत होती. झडपा रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देतात हे त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी 1628 साली दाखवून दिले. शिष्याने गुरूची चूक इतक्या अदबीने दुरुस्त केल्याचे उदाहरण मला फार आवडते आणि मी ते वर्गात सांगत आले होते. माझ्याच पोटरीत त्याचा पडताळा येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

द्रवाचा दाब स्तंभाच्या उंचीवर अवलंबून असतो, भांड्याच्या आकारावर नाही, हे वाक्य मी अकरावीच्या फळ्यावर दरवर्षी लिहिते. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी तेच गणित स्वतःवर केले. हृदयापासून घोट्यापर्यंत माझे अंतर सुमारे 120 सेंटिमीटर भरते. रक्त पाण्याहून किंचित जड आणि पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणजे मी निश्चल उभी असताना घोट्याच्या शिरेत सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलागणिक शिरा पिळून रक्त वर ढकलतो, झडपा ते धरून ठेवतात आणि हा दाब उतरत उतरत 30 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. झडपा निकामी झाल्या की वर ढकललेले रक्त पुन्हा खाली येते आणि दाब पुरेसा उतरत नाही. मग रक्तातील पाणी ऊतींत झिरपते आणि सूज येते. पुढे तांबड्या पेशीही निसटतात, त्यांतील लोह कातडीत साचते, आणि आजीच्या पायावरचा तो जांभळा डाग तयार होतो. म्हणजे माझ्या व्यवसायात चालणे वाईट नव्हतेच. एका जागी उभे राहून फळा भरणे, हे वाईट होते.

हा दाब बाहेरून तोलून धरणे, एवढेच त्या मोज्याचे काम. त्याने बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, फुगलेली शीर नाहीशी होत नाही; मोजा जोवर पायात आहे, तोवरच त्याचा उपयोग. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. लेझरने शीर बंद करण्याचा मार्गही त्यांनी सांगितला होता. तो मी पुढे ढकलला. त्यामागे बारावीच्या परीक्षा होत्या, घरातील एक लग्न होते आणि थोडी भीतीही होती.

पहिली जोडी मी शहरातील एका औषधाच्या दुकानातून आणली. दुकानदाराने मला चपलेचा नंबर विचारला, माझ्याकडे एकदा खालून वर पाहिले आणि 'मीडियम'चे खोके पुढे सरकवले. आठच दिवसांत तो मोजा घोट्याशी सैल पडून त्याच्या चुण्या होऊ लागल्या आणि गुडघ्याखाली मात्र त्याने लाल वळ उमटवला. सायंकाळी सूज पूर्वीपेक्षा वाढलेली असे. खाली घसरू नये म्हणून मी त्याची कड दुमडून दुहेरी करत होते, म्हणजे जेथे दाब सर्वांत कमी हवा, तेथेच मी तो दुप्पट करत होते. दाबाचा धडा शिकवणाऱ्या बाईने महिनाभर स्वतःच्या पायाला फास लावून वर्गात उभे राहावे, ही गोष्ट मी अद्याप महाविद्यालयात कोणाला सांगितलेली नाही.

तो मोजा घेऊन मी अप्पांकडे गेले. त्यांनी सवयीप्रमाणे तो उलटा केला आणि चष्म्याजवळ नेला.

"शिवण कुठाय ह्याची?"

"नाही अप्पा. गोल विणलेला असतो."

त्यांनी तो आडवा ताणला, मग उभा ताणला आणि दोन्ही हातांची बोटे आत घालून घोट्यापासून वरपर्यंत चाचपत गेले. "हितं दम धरतंय," ते घोट्याशी म्हणाले आणि कडेशी येऊन म्हणाले, "हितं सोडतंय. करणाराला अक्कल हाय. इकणाराला न्हाई."

मोज्याच्या जाळीत प्रत्येक ओळीला आडवा एक लवचीक धागा सोडलेला असतो आणि दाब निर्माण होतो तो त्या धाग्यामुळे, हे त्यांना अंगठ्याने कळले होते. हा धागा पूर्वी रबराचा असे. 1958 साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी कृत्रिम लवचीक तंतू तयार केला आणि मोजे पातळ झाले. अप्पांना मी एवढे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "मग माप कुणी घेतलं तुजं?" कोणीच घेतले नव्हते. हे ऐकून त्यांना माझ्या आजारापेक्षा अधिक वाईट वाटले, असे मला आजही वाटते.

त्या रात्री मी माहेरीच राहिले, कारण माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यायचे असते. सहाला अप्पा टेप, पेन्सिल आणि त्यांची लाल कापडी पाठीची मापवही घेऊन माझ्या खाटेपाशी आले. आयुष्यभर त्यांनी टेपची इंचांची बाजू वापरली होती. मोज्याचा तक्ता सेंटिमीटरमध्ये असल्यामुळे त्या दिवशी त्यांनी टेप उलटा केला आणि थोडा वेळ त्या आकड्यांकडे, परगावच्या पाहुण्याकडे पाहावे तसे, पाहत राहिले. मग घोट्याच्या हाडाच्या वर जेथे पाय सर्वांत बारीक असतो तेथला घेर, पोटरी सर्वांत भरते तेथला घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वळीखाली दोन बोटे सोडून उंची, अशी तीन मापे त्यांनी घेतली. टेप कातडीला लागेल पण रुतणार नाही, इतकाच ताण. 21.5, 37, 38. वहीत त्यांच्या पद्धतीप्रमाणे शेवटचा रकाना मायेचा असतो. शर्टाला अमुक, विजारीला तमुक. त्यांनी मला विचारले आणि तेथे 0 लिहिले.

ती मापे तक्त्याशी ताडून पाहिली, तेव्हा घोटा एका आकाराचा आणि पोटरी जवळजवळ पुढच्या आकाराची निघाली. अशा वेळी घोटा प्रमाण मानायचा, पोटरी तक्त्याच्या मर्यादेत बसते की नाही पाहायचे, आणि बसत नसेल तर मापाबरहुकूम विणून घ्यायचा. माझी बसली. आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली, ती सांगून ठेवते. जर्मन मापदंडाने दाबाच्या दुसऱ्या वर्गाचा मोजा घोट्यावर 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याचा दाब देतो, तर ब्रिटिश मापदंडाने दुसरा वर्ग म्हणजे 18 ते 24. एकाच नावाच्या दोन वस्तू दुकानात शेजारी शेजारी पडलेल्या असतात. म्हणून वर्ग विचारू नये, आकडा विचारावा, आणि तो डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेला असावा.

घोट्यावर दाब अधिक आणि वर जावा तसतसा कमी, हे कसे साधते, याचे एक उत्तर विणीत आहे आणि दुसरे पायाच्या आकारात. लाप्लास यांच्या नियमाप्रमाणे कापडाचा ताण सारखाच ठेवला, तर गोलाई जितकी लहान तितका दाब जास्त. घोटा बारीक, पोटरी जाड. म्हणून आजीने सारख्याच हाताने गुंडाळलेली पट्टीदेखील खाली अधिक आणि वर कमी दाबत असणार. याच नियमाने नडगीच्या धारेवर दाब नको इतका वाढतो आणि घोट्याच्या मागच्या खळग्यात तो पोहोचतच नाही. हे मी अप्पांना समजावून सांगत होते, तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हंजे बाहीच्या मोहरीसारखं." फारसे चुकीचे नव्हते.

मामांचे गाव रेणापूरच्या बाजूला, मांजरेच्या काठी. तेथल्या विहिरीत मी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले. मामी दिवसभर कापूस वेचून आल्या की विहिरीच्या पाण्यातल्या पायरीवर छातीपर्यंत बुडून उभ्या राहत आणि "पायाचं वझं उतरलं" म्हणत. त्याला मी गारव्याचे सुख समजत होते. गारवा होताच, पण हिशेब आणखी एक होता: छातीपर्यंतच्या पाण्याचा स्तंभ घोट्यापाशी बाहेरून जेवढा दाब देतो, तो आतल्या रक्ताच्या स्तंभाच्या दाबाशी जवळजवळ बरोबरीचा असतो. खाली जास्त, वर कमी, कोठेही वळ नाही, चुणी नाही. विहिरीने शिवलेला मोजाच तो. हीच गोष्ट अमेरिकेतील टोलिडो शहरात राहणाऱ्या कॉनरॅड जोब्स्ट यांच्या ध्यानात आली. ते जन्माने जर्मन, व्यवसायाने अभियंता आणि पायांच्या शिरांच्या दुखण्याने स्वतः त्रासलेले. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की आपले पाय हलके होतात, हे पाहून त्यांनी पाण्याचा तो चढता-उतरता दाब कापडात उतरवण्याचा ध्यास घेतला आणि 1950 च्या सुमारास तसा मोजा तयार केला. मामींना जोब्स्ट ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि जोब्स्टना मामी. माझा मोजा विहिरीच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच दाब देतो. पण तो साडीखाली घालून वर्गात जाता येते.

माप बरोबर आले, तरी मोजा चढवणे ही निराळीच विद्या होती. माप जितके बरोबर, तितके चढवणे अवघड. पहिले काही दिवस मला एका पायाला दहा मिनिटे लागत आणि तेवढ्यात घाम येई. वरची कड धरून ओढणे, ही सर्वांची पहिली चूक असते. त्याने धागा फक्त वर ताणला जातो आणि घोट्यापाशी उणा पडतो. योग्य रीत अशी की, मोज्यात हात घालून टाच चिमटीत धरावी, टाचेपर्यंत तो उलटा करावा, पावलावर बसवावा, टाच टाचेवर आली की मगच उरलेला भाग तळहातांनी थोडा थोडा वर सारावा आणि चुण्या हाताने निपटाव्या. भांडी घासताना घालतात तसले, बोटांना खडबडीत पकड असलेले रबरी हातमोजे घातले की काम निम्म्याने सोपे होते, आणि नखांनी धागा तुटत नाही. "ओढू नगं माय, बसीव," हे अप्पांचे वाक्य, जे ते नव्या कारागिरांना कॉलर लावताना सांगत.

नखांपेक्षा मोठे संकट जोडव्यांचे होते. मोजा पुढून उघडा, बोटे बाहेर. पण आत पाऊल सारताना जोडव्याची कड जाळीत अडके आणि एके दिवशी तिने चांगला वीतभर धागा बाहेर काढला. मी डाव्या पायाची जोडवी काढून ठेवू लागले. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी माझ्या पायाकडे पाहून म्हणाल्या, "डॉक्टरनं हे पण सांगितलं का?" त्यांच्यापुढे लाप्लासचा नियम कामाचा नव्हता. टाचांच्या भेगांचीही तीच अडचण. आमच्याकडे माघ उजाडला की टाचा काळ्या रानासारख्या फाटतात आणि त्यांत धागा गुंततो. तेल लावावे तर सकाळी लावता येत नाही, कारण तेलाने मोजा घसरतो आणि लवचीक धागाही लवकर मरतो. ते रात्री, मोजा उतरवल्यावर लावायचे असते.

अप्पांनी यावर दोन दिवस विचार केला असावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी अस्तराच्या सॅटिनची उरलेली कापडे जोडून एक निमुळती थैली शिवून पाठवली. तिच्या टोकाला बोटभर रुंदीचे लांब शेपूट होते. ही थैली आधी पावलावर घालायची, बोटे, जोडवी, टाच, भेगा सगळे झाकायचे, तिच्यावरून मोजा सरसर चढवायचा आणि मग शेपूट धरून पुढच्या उघड्या तोंडातून थैली ओढून काढायची. अशी थैली मोज्याच्या कंपन्याही विकतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. अप्पांना तर तेव्हाही ठाऊक नव्हते. त्या थैलीला आत सगळीकडे व्यवस्थित माया होती. जोडवी पुन्हा पायात आली आणि घरातील वातावरणही निवळले.

रंगाविषयी एक तक्रार नोंदवून पुढे जाते. खोक्यावर 'स्किन कलर' असे छापलेले असते. ती कातडी कोणाची, हे मला दहा वर्षांत कळलेले नाही. लातूर जिल्ह्यातील तर नक्कीच नाही.

मोजे रोज धुवावे लागतात. घाम आणि कातडीचे तेल धाग्यात राहिले की त्याची ओढ कमी होते, आणि धुतल्याने ताणलेली वीण पुन्हा मूळ मापावर येते. म्हणून दोन जोड्या ठेवून आलटून पालटून वापरायच्या. कोमट पाणी, सौम्य साबण. ब्लीच नाही, कपडे मऊ करणारे द्रव नाही, ब्रश नाही, पिळणे नाही. हे सर्व खोक्यावरच्या चित्रांत दिलेले असते. पण ती चित्रे काढणाऱ्याने 2016 चा लातूरचा उन्हाळा पाहिलेला नसतो. माझे मोज्यांचे पहिलेच वर्ष आणि मांजरा धरण कोरडे. एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. आमच्या घरी टँकरचे पाणी पिंपात मोजून भरले जाई, चादरी आणि पडदे महिना महिना धुतले जात नसत. अशा घरात एका सुनेने रोज सायंकाळी आपले मोजे धुवायला पाणी घ्यायचे, याची मला चोरी वाटे. मी दोन तांबे पाण्याचा हिशेब बसवला होता: एक तांब्या साबणाला, एक खळबळायला. दोन्हींचे उरलेले पाणी संडासात. परसातील कढीपत्ता वाळू लागला, तेव्हा दुसऱ्या तांब्याचे पाणी त्याला जाऊ लागले.

टँकर नसे तेव्हा बोअरचे पाणी, आणि ते इतके जड की अंगाच्या साबणाला फेस येत नाही, मोज्याच्या जाळीत पांढरी खर बसते आणि कापड कडक होते. त्यावर शांपूचा उपाय मला सहकारी बाईंनी सांगितला. जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाची खर होते, शांपूची तशी होत नाही; रसायनशास्त्राच्या बाई होत्या. धुतलेला मोजा पंचात गुंडाळून तळहाताने दाबायचा, म्हणजे पाणी पंचा पितो आणि धाग्याला पीळ बसत नाही. मग सावलीत आडवा पसरायचा. उन्हाने लवचीक धागा कुजतो. ज्या गावात चैत्रापासून मृगापर्यंत उन्हाखेरीज दुसरे काही फुकट मिळत नाही, तेथे वस्तू सावलीत वाळवा म्हणणे थोडे विनोदी आहे. पण आमच्या सावलीतही मोजा दोन तासांत वाळतो.

त्या उन्हाळ्यात तो घालणे मात्र विनोदी नव्हते. पारा 41-42 वर, वीज गेलेली, आणि पायात नायलॉन. मी अनेकदा दुपारी तो उतरवून फेकला आहे. डॉक्टरांनी यावर मध्यम मार्ग सांगितला: सकाळच्या तासांना घालायचाच, दुपारी घरी आल्यावर काढून पाय छातीहून उंच ठेवून पडायचे, कारण आडवे पडल्यावर तो 90 मिलिमीटरचा स्तंभच उरत नाही. रात्री मोजा लागत नाही, त्याचेही कारण तेच. घातलेल्या मोज्यावर पाण्याचा हलका फवारा मारून कूलरसमोर बसणे, हा मी शोधलेला सुखाचा प्रकार. वर्गात मी बाकांमधून चालत शिकवू लागले, आणि फळ्यापाशी थांबावे लागले की टेबलामागे टाचा उचलून चवड्यांवर उभी राहू लागले, खाली-वर, खाली-वर. मागच्या बाकावरील एका मुलाने माझी नक्कल बसवली होती आणि ती उत्तम होती.

दोन वर्षांपूर्वी मला वाटले, अप्पांनाही मोजे घ्यावेत. कटिंगच्या टेबलाशी 42 वर्षे उभे राहिलेले त्यांचे पाय. सायंकाळी पावले सुजत, घोटे काळवंडलेले होते. मापे घेऊन मी जवळजवळ पैसे भरणार होते, पण आधी डॉक्टरांना दाखवावे म्हणून त्यांना नेले. डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे बोटे ठेवून बराच वेळ नाडी शोधली, मग दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब यंत्राने मोजला. घोट्याचा आकडा दंडाच्या आकड्याच्या जवळपास, म्हणजे गुणोत्तर 1 च्या आसपास यायला हवे. अप्पांचे 0.62 आले. अर्ध्या आयुष्याच्या बिड्यांनी त्यांच्या पायाच्या धमन्या अरुंद केल्या होत्या. वरून येणारे रक्तच मोजके, तेथे बाहेरून माझ्या मोज्याइतका दाब दिला असता तर पाऊल उपाशी राहून काळे पडण्याचा धोका होता. घरापासून गोलाईपर्यंत जाताना ते वाटेत दोनदा थांबत. ओळखीचे लोक भेटतात म्हणून थांबतात, अशी आम्हा सर्वांची समजूत होती. पोटरी दुखते म्हणून ते थांबत होते, आणि थांबल्यावर दुखणे ओसरे. हीच तर अरुंद धमनीची खूण. दुकानातून स्वतःच्या मनाने मोजे घेणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला, मी आता हे 0.62 सांगते. अप्पांनी बिडी सोडली. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज चालतात, दुखले की थांबतात, पुन्हा चालतात.

मोज्याचे आयुष्य सहा महिन्यांचे. त्यानंतर तो फाटलेला नसतो, विटलेलाही फारसा नसतो, फक्त सहज पायात जाऊ लागतो. आणि तो सहज जाऊ लागला, की त्याचा उपयोग संपला असे समजावे. जुनी जोडी मी अप्पांकडे नेते. ते ती अंगठ्यांवर ताणून पाहतात, "दम गेला ह्याचा" म्हणतात, कात्रीने आडव्या कड्या कापतात आणि त्यांनी कापडांचे गठ्ठे, आईचे मसाल्याचे पुडे, परसातले टोमॅटोचे वेल असे काहीबाही बांधतात. नवी जोडी आणण्याआधी माप घ्यायचे, हा त्यांचा नियम. मापवहीत त्यांच्या गिऱ्हाइकांची पाने आहेत. त्यांतील पुष्कळ माणसे आता नाहीत, आणि जी आहेत ती तयार कपडे घालतात. माझे पान तेवढे चालू आहे. तारीख, घोटा, पोटरी, उंची, माया. मायेच्या रकान्यात शून्याखाली शून्य, अशी 20 शून्ये झाली आहेत.

गेल्या खेपेला त्यांचा हात थरथरत होता. वय 84. टेप घोट्याभोवती लावताना दोनदा सुटला, तिसऱ्यांदा त्यांनी तो डाव्या अंगठ्याखाली दाबून धरला, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि वहीत 22 लिहिले. दहा वर्षे ते 21.5 होते. मी काही बोलले नाही. वहीतील आकडा मोबाइलमध्ये उतरवून घेतला, चहा घेतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, पाय खाली सोडण्याआधी, मी माझ्याकडचा टेप काढला आणि घोटा मोजला. पुन्हा मोजला. 22 भरला.